स्पीकरची जोडी एक, ॲम्प्लिफायर दोन: जोडायचे कसे?

समजा, तुम्ही नोकरीच्या निमित्ताने पुणे, कोल्हापूर किंवा नागपूरहून बंगळुरूला आलात आणि सर्जापूर रोडवर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलात. काही वर्षांनी आईबाबाही राहायला आले. त्यांच्या सामानासोबत बाबांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आला आणि लाकडी खोक्यातले दोन दणकट स्पीकरही आले. इकडे तुमच्या टीव्हीखाली आधीच एक एव्ही रिसिव्हर आहे. त्यावर मुलांची कार्टून चालतात, तुमचं क्रिकेट आणि सिनेमे चालतात. बाबांना मात्र कर्नाटकातल्या गदग भागात १९२२ साली जन्मलेल्या आणि पुढे पुणेकर झालेल्या भीमसेनजींची तोडी सकाळी आपल्याच ॲम्प्लिफायरवर ऐकायची असते. अडचण एवढीच की हॉल एक आणि चांगल्या स्पीकरची जोडीही एकच.

मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘‘त्यात काय एवढं? दोन्हींच्या वायरी स्पीकरला जोडून टाका. एक चालू असेल तेव्हा दुसरा बंद ठेवायचा.’’

ऐकायला हे अगदी सोपं वाटतं, पण सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे. यात एखादा ॲम्प्लिफायर जळू शकतो आणि त्याच्यासोबत बाबांनी पंचवीस-तीस वर्षं जपलेले स्पीकरही जाऊ शकतात. चांगली गोष्ट अशी की दोन ॲम्प्लिफायर आणि एक स्पीकरची जोडी सुरक्षितपणे वापरता येते. त्यासाठी फार खर्च लागत नाही, फक्त एक नियम नीट समजून घ्यावा लागतो.

नियम तुमच्या बिल्डिंगच्या तळघरातच आहे

सर्जापूर रोडवरच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत वीज गेली की थोड्याच वेळात जनरेटर सुरू होतो. बेस्कॉमची वीज आणि जनरेटरची वीज, दोन्ही तुमच्या घरातल्या त्याच वायरीतून येतात. पण या दोन्ही विजा कधीही एकाच वेळी एकमेकींना जोडल्या जात नाहीत. तळघरातल्या पॅनलमध्ये चेंजओव्हर नावाची व्यवस्था असते. ती आधी एक बाजू पूर्ण सोडते, क्षणभर मध्ये थांबते आणि मगच दुसरी बाजू धरते. म्हणूनच जनरेटरवरून परत बेस्कॉमच्या विजेवर येताना घरात क्षणभर अंधार होतो.

ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. स्पीकर म्हणजे तुमचं घर आणि दोन ॲम्प्लिफायर म्हणजे बेस्कॉम आणि जनरेटर. एका वेळी एकच जोडलेला हवा. दुसरा नुसता बंद असून भागत नाही, तो वायरीपासून पूर्ण सुटलेला हवा. हा नियम लक्षात राहिला तर पुढचं सगळं आपोआप कळत जाईल.

दोन्ही जोडले तर आत काय होतं?

ॲम्प्लिफायरला स्पीकर सहन होतो, कारण स्पीकर विजेला थोडा अडवतो. हा अडथळा ओममध्ये मोजतात. घरगुती स्पीकर सहसा ४, ६ किंवा ८ ओमचे असतात आणि तो आकडा स्पीकरच्या मागच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ८ ओमच्या स्पीकरला १०० वॉट देताना ॲम्प्लिफायर साधारण २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर देतो. तो तेवढ्याच कामासाठी बनवलेला असतो.

आता ॲम्प्लिफायरच्या आऊटपुटचा स्वतःचा अडथळा बघा. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये तो अनेकदा ओमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण त्यामुळे स्पीकरवर पकड चांगली राहते. पण तुम्ही दोन ॲम्प्लिफायरच्या वायरी एकाच स्पीकरला जोडल्या, तर पहिल्या ॲम्प्लिफायरला समोर ८ ओमचा स्पीकर दिसतच नाही. त्याला दिसतो तो दुसऱ्या ॲम्प्लिफायरचा अगदी क्षुल्लक अडथळा, म्हणजे जवळजवळ शॉर्टसर्किट.

नशीब चांगलं असेल तर ॲम्प्लिफायरची सुरक्षा यंत्रणा जागी होते, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि आवाज बंद होतो. काहींचा फ्यूज उडतो. पण जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये अशी यंत्रणा नसेल, तर त्याचे आऊटपुट ट्रान्झिस्टर जळतात. ट्रान्झिस्टर जळून आतल्या आत चिकटला, तर गाण्याऐवजी थेट डीसी वीज स्पीकरमध्ये जाते. समजा, ॲम्प्लिफायरच्या आतला पुरवठा ४० व्होल्टचा आहे आणि स्पीकरच्या तारेचा प्रत्यक्ष अडथळा ६ ओम आहे. अशा वेळी स्पीकरच्या केसासारख्या बारीक तारेत अडीचशे वॉटहून जास्त उष्णता तयार होते आणि तीही सलग. ती तार जळायला फार वेळ लागत नाही. वायरची एक चुकीची जोडणी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही कसे नेते, ते इथे लक्षात येईल.

‘एक बंद ठेवू’ हे का पुरत नाही?

बंद ॲम्प्लिफायर म्हणजे वायरीपासून सुटलेला ॲम्प्लिफायर नव्हे. काही ॲम्प्लिफायरमध्ये रिले असतो. पॉवर बंद केली की तो ‘टक्’ असा आवाज करून स्पीकरची वायर आतून सोडतो. पण सगळ्यांत तो नसतो. रिले नसेल तर बंद ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर स्पीकरच्या वायरीला तसेच जोडलेले राहतात आणि चालू ॲम्प्लिफायरची वीज उलट्या दिशेने त्यांच्यात शिरते.

दुसरं कारण आपल्या रोजच्या जगण्यातलं आहे. जुन्या ॲम्प्लिफायरला दाबून आत जाणारं बटण असतं. वीज जाऊन जनरेटरवर परत आली की असा ॲम्प्लिफायर आपोआप पुन्हा चालू होतो. बाबा सकाळी गाणं ऐकताना वीज गेली, ते बटण तसंच ठेवून फिरायला गेले आणि नंतर मुलांनी टीव्ही लावला, तर दोन्ही चालू! यात कुणाचीच चूक नाही. ज्या व्यवस्थेत घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागते, ती व्यवस्थाच कच्ची असते.

दोन ॲम्प्लिफायर म्हणजे दुप्पट आवाज?

हाही एक लोकप्रिय गैरसमज आहे. दोन ॲम्प्लिफायर एका स्पीकरला जोडले की ताकदीची बेरीज होईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. दोन्हींवर एकच गाणं लावलं तरी त्यांचा आवाज, वेळ आणि पातळी तंतोतंत जुळत नाही आणि ते एकमेकांशीच झगडत बसतात. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फ्लॅटच्या हॉलसाठी एकच बरा ॲम्प्लिफायर पुरेसा असतो.

खरेदीआधी मागची बाजू बघा

बाजारात जाण्याआधी मोबाइलचा टॉर्च घ्या आणि दोन्ही यंत्रांच्या मागची बाजू नीट बघा. हमखास दिसेल असा फोटोही काढून ठेवा. चार गोष्टी शोधायच्या आहेत.

• एव्ही रिसिव्हरवर ‘प्री आऊट’ लिहिलेली गोल भोकं आहेत का आणि त्यात ‘फ्रंट’ डावं-उजवं आहे का? स्वस्त रिसिव्हरमध्ये अनेकदा फक्त सबवूफरचंच प्री आऊट असतं.

• जुन्या ॲम्प्लिफायरवर ऑक्स, टेप, सीडी किंवा ट्यूनर यांपैकी एखादी रिकामी इनपुट आहे का? फोनो लिहिलेली इनपुट यासाठी वापरायची नाही. ती फक्त रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते.

• टीव्हीच्या मागे ऑप्टिकल किंवा हेडफोनचं आऊटपुट आहे का?

• स्पीकर किती ओमचे आहेत आणि दोन्ही ॲम्प्लिफायरवर कमीत कमी किती ओम चालतात असं लिहिलं आहे? ॲम्प्लिफायरवर ‘८ ओम किंवा जास्त’ लिहिलं असेल आणि स्पीकर ४ ओमचे असतील, तर ती जोडी टाळा. स्विच लावून हा प्रश्न सुटत नाही.

या चार उत्तरांवरून तुमचा मार्ग ठरेल.

पहिला मार्ग: स्पीकरच्या वायरींना हातच लावू नका

हा मार्ग सगळ्यात सुरक्षित आहे आणि बऱ्याच घरांना तो पुरतो. स्पीकर कायम एकाच ॲम्प्लिफायरला, म्हणजे बाबांच्या स्टिरिओला जोडलेले ठेवायचे. बाकी सगळे आवाज त्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये न्यायचे. इनपुटला जाणारा सिग्नल अगदी हलका असतो, त्यामुळे तिथे काही जळण्याची भीती राहत नाही.

तुम्हाला फक्त दोनच स्पीकरवर टीव्हीचा आवाज हवा असेल, तर रिसिव्हरचीही गरज नाही. टीव्हीच्या ऑप्टिकल आऊटपुटमधून एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं साध्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी, जोडा. डॅकमधून लाल-पांढऱ्या पिनांची केबल जुन्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये घाला. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट ‘पीसीएम’वर ठेवा, नाहीतर अनेक साध्या डॅकमधून आवाजच येत नाही. मग टीव्ही बघताना ऑक्स आणि गाणं ऐकताना सीडी किंवा फोनो, एवढंच बटण फिरवायचं.

तुमच्याकडे मागचे आणि मधले स्पीकरही असतील आणि सिनेमाला रिसिव्हर हवाच असेल, तर त्याच्या फ्रंट प्री आऊटमधून केबल काढून स्टिरिओच्या ऑक्समध्ये द्या. समोरचे दोन स्पीकर स्टिरिओ चालवेल, बाकीचे रिसिव्हर चालवेल. स्टिरिओचा व्हॉल्यूम एका ठरावीक जागेवर ठेवा आणि तिथे छोटी टिकली चिकटवा. त्यानंतर रिसिव्हरचं मायक्रोफोनने होणारं सेटिंग करून घ्या. सिनेमा लावताना स्टिरिओचा व्हॉल्यूम टिकलीवर आणायचा आणि पुढचा कमी-जास्तपणा रिसिव्हरच्या रिमोटवरून करायचा.

काही स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर ‘मेन इन’ किंवा ‘होम थिएटर बायपास’ अशी इनपुट असते. तिथे स्टिरिओचा व्हॉल्यूम मध्ये येतच नाही, त्यामुळे टिकलीची गरज पडत नाही. पण एक खबरदारी घ्या. या इनपुटला मोबाइल, सीडी प्लेअर किंवा साधा डॅक कधीही जोडू नका. व्हॉल्यूमचा लगामच नसल्यामुळे पहिल्याच सुराला पूर्ण ताकदीचा आवाज फुटेल.

दुसरा मार्ग: चेंजओव्हर स्विच

रिसिव्हरला प्री आऊट नसेल किंवा बाबांचा ॲम्प्लिफायर आणि तुमचा रिसिव्हर पूर्ण वेगळेच ठेवायचे असतील, तर स्विच लावावा लागतो. तळघरातल्या चेंजओव्हरचंच हे छोटं रूप आहे. एका बाजूला पहिल्या ॲम्प्लिफायरच्या वायरी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या आणि मध्ये स्पीकरच्या. मूठ फिरवली की स्पीकर एकाकडून सुटून दुसऱ्याकडे जातात.

तयार डबी मिळते किंवा एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार सुटा स्विच डबीत बसवून देतो. बंगळुरूत अशा वस्तूंसाठी सादर पत्रप्पा रोड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा एसपी रोड, प्रसिद्ध आहे. सर्जापूर रोडहून तो चांगलाच लांब आहे, पण के. आर. मार्केट मेट्रो स्टेशनपासून जवळ आहे. सुट्टीत पुण्याला जाणार असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड हे तर ठरलेलेच. दुकानदाराला नुसतं ‘स्पीकर स्विच द्या’ असं म्हणू नका. पुढच्या गोष्टी नेमक्या सांगा.

• चार पोल, दोन बाजू: डाव्या स्पीकरचे प्लस-मायनस आणि उजव्याचे प्लस-मायनस, अशा चारही वायरी स्विचने तोडल्या पाहिजेत. दुकानात याला फोर पोल डबल थ्रो म्हणतात. काही डब्या फक्त लाल वायर तोडतात आणि काळ्या वायरी आत कायम एकत्र जोडलेल्या असतात. त्या घेऊ नका. अनेक आधुनिक ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः डिजिटल म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लास-डी प्रकारात, काळ्या टोकालाही जिवंत सिग्नल असतो. दोन ॲम्प्लिफायरचे काळे एकत्र आले तरी नुकसान होऊ शकतं.

• आधी सोडणारा, मग धरणारा: स्विच फिरवताना पहिली बाजू पूर्ण सुटल्यावरच दुसरी जोडली जावी. मध्ये ‘ऑफ’ची जागा असलेला स्विच तर उत्तमच.

• किमान १० अँपिअरचा: ४ ओमच्या स्पीकरला १०० वॉट देताना ५ अँपिअर वाहतात. त्यामुळे स्विच दुप्पट क्षमतेचा घ्या. खेळण्यात किंवा छोट्या रेडिओत असतो तसा नाजूक स्विच चालत नाही.

• दोन्ही बटणं एकदम दाबता येणारी डबी नको: एका ॲम्प्लिफायरला अनेक स्पीकर जोडणारा स्पीकर सिलेक्टर बाजारात सहज मिळतो. ‘हाच उलटा लावा’ असं कुणी सुचवेल. पण त्यात ए आणि बी ही दोन्ही बटणं एकाच वेळी दाबता येत असतील, तर एका बोटाने दोन्ही ॲम्प्लिफायर एकमेकांना जोडले जातील. घरात लहान मूल असेल तर हे कधी ना कधी होणारच.

जोडणी कशी करावी?

१. दोन्ही ॲम्प्लिफायरचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून काम करू नका. प्लग काढल्यावर काही मिनिटं थांबा. यंत्राचं झाकण उघडण्याची गरज नाही आणि उघडूही नका.

२. स्विच अजून कशालाही न जोडता मल्टिमीटरने तपासा. मीटर कंटिन्युइटीच्या बीप आवाजावर ठेवा. एक टोक पहिल्या ॲम्प्लिफायरच्या डाव्या लाल जागेवर आणि दुसरं टोक दुसऱ्या ॲम्प्लिफायरच्या डाव्या लाल जागेवर लावा. मूठ हळूहळू इकडून तिकडे फिरवा. एकदाही बीप वाजता कामा नये. हेच उरलेल्या तीन जोड्यांसाठी करा. दोन काळ्या जागांमध्येही बीप नको. ही पाच मिनिटांची तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे.

३. तांब्याची वायर वापरा. हॉलमध्ये पाच मीटरपर्यंतच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. स्वस्त वायर अनेकदा ॲल्युमिनियमची असते आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा असतो. टोक खरवडून बघा, आत पांढरट दिसलं तर ती नको.

४. वायरचं टोक सोलल्यावर सगळ्या बारीक तारा घट्ट पिळून घ्या. बाहेर आलेली एकच तार शेजारच्या टोकाला टेकली तरी शॉर्ट होतो. बनाना प्लग लावले तर ही भीती उरत नाही.

५. लाल ते लाल, काळा ते काळा, डावं ते डावं हे प्रत्येक ठिकाणी पाळा. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे झाले तर काही जळत नाही, पण तबल्याचा बायाँ आणि ढोलकीची थाप पोकळ ऐकू येते.

६. प्रत्येक वायरीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: ‘बाबा डावा’, ‘टीव्ही उजवा’. पुढच्या वेळी फर्निचर हलवाल तेव्हा स्वतःलाच धन्यवाद द्याल.

७. सगळं झाल्यावर एकच ॲम्प्लिफायर चालू करा, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा आणि दोन्ही स्पीकर वाजतात का बघा. मग तो बंद करून स्विच फिरवा आणि दुसरा तपासा.

रोजच्या वापरातही एक सवय लावून घ्या. गाणं थांबवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, स्विच फिरवा आणि मग दुसरं यंत्र वाजवा. मोठ्या आवाजात स्विच फिरवला तर आत ठिणगी पडते आणि त्याचे संपर्क हळूहळू काळे पडतात.

या दोन गोष्टींत विशेष काळजी घ्या

काहींकडे आजोबांच्या काळातला किंवा हौसेने घेतलेला व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर असतो, आत काचेच्या नळ्या लाल-नारिंगी तापलेल्या दिसतात तो. हा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता वाजवणं धोक्याचं असतं. स्पीकर सुटलेला असताना सिग्नल गेला, तर त्याचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. त्यामुळे आधी हा ॲम्प्लिफायर बंद करायचा आणि नंतरच स्विच फिरवायचा. जाणकाराकडून स्विचमध्ये मोठ्या वॉटचा ८ ओमचा रेझिस्टर बसवून घेता येतो. स्पीकर दुसरीकडे गेले की भार त्या रेझिस्टरवर पडतो.

दुसरी गोष्ट, काही स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार टोकं असतात. वरची दोन बारीक आवाजाच्या स्पीकरसाठी, खालची दोन जाड आवाजासाठी. अशा स्पीकरला वरती एक आणि खाली एक असे दोन ॲम्प्लिफायर कायमचे जोडता येतात, हे खरं आहे. पण वरच्या आणि खालच्या टोकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या आधी काढाव्या लागतात. पट्ट्या तशाच ठेवून दोन ॲम्प्लिफायर जोडले तर ते पुन्हा एकमेकांनाच जोडले जातात. शिवाय ही सोय दोघांनी मिळून एकच गाणं वाजवण्यासाठी असते. सकाळी बाबांचा आणि रात्री मुलांचा ॲम्प्लिफायर ही तुमची गरज तिने भागत नाही.

जुन्या ॲम्प्लिफायरची तब्येत

बरीच वर्षं माळ्यावर पडून असलेला ॲम्प्लिफायर थेट चांगल्या स्पीकरला लावू नका. वयोमानाने त्यातले कपॅसिटर सुकतात आणि आऊटपुटला थोडी डीसी वीज येऊ लागते. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर असेल तर घरी एक साधी तपासणी करता येते. स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तो दहा मिनिटं चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एका बाजूच्या लाल आणि काळ्या टोकांमध्ये मोजा, मग दुसऱ्या बाजूला मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर आधी कारागिराकडे न्या. जळका वास, धूर किंवा मोठा ‘धप्प’ असा आवाज आला तर लगेच प्लग काढा. प्रोटेक्टचा दिवा लागत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका. तो दिवा तुमचे स्पीकर वाचवत असतो.

‘हम्’ असा आवाज येतो आहे?

दोन यंत्रं केबलने जोडल्यावर कधी कधी बारीक गुणगुण सुरू होते. बहुतेक वेळा याचं कारण असं असतं की दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर असतात आणि त्यांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली जाते. दोन्ही यंत्रं आणि टीव्ही एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरीही गेली नाही तर सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा, अनेकदा गुणगुण तिच्यातूनच येते. टीव्हीपासून ऑप्टिकल केबल वापरली तर हा प्रश्न येत नाही, कारण तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ‘अर्थिंगची जाड पिन काढा, आवाज जाईल’ असा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. गुणगुण जाईलही, पण उद्या आतली वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली तर २३० व्होल्ट थेट हात लावणाऱ्याच्या अंगात जातील. गाणं कितीही सुंदर असलं तरी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

घरच्यांना वापरता येईल अशी सोय करा

कुठलीही जोडणी पूर्ण झाली असं तेव्हाच म्हणा, जेव्हा ती तुमच्याशिवाय घरातल्या इतरांना वापरता येईल. स्विच टीव्हीच्या मागे अंधारात नको, समोर हाताशी हवा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: एकीकडे ‘गाणी’, दुसरीकडे ‘टीव्ही’. आईबाबांना एकदा सोबत बसून करून दाखवा आणि मग त्यांच्याकडून करून घ्या. मुलांनाही सांगा की आवाज आला नाही तर आधी मूठ कुठे आहे ते बघायचं, मागच्या वायरी ओढायच्या नाहीत. हॉलमध्ये पाहुणे आले, कुणी घाईत चुकीचं यंत्र चालू केलं, मध्येच वीज जाऊन जनरेटर आला, तरीही फार तर आवाज येणार नाही. काही जळणार मात्र नाही.

परगावी संसार थाटताना आपण जागेची बचत करतो आणि अशा वेळी सगळ्यात आधी जुन्या वस्तूंवर गदा येते. ‘आता याची काय गरज?’ म्हणत बाबांचा ॲम्प्लिफायर भंगारात जातो आणि त्यांची सकाळ मोबाइलच्या बारीक स्पीकरवर येऊन थांबते. एका चांगल्या स्विचने किंवा एका साध्या केबलने हे टळत असेल, तर येत्या रविवारी तेवढा वेळ जरूर काढा. सुरुवात मात्र टॉर्च घेऊन, प्लग काढून आणि मागची बाजू वाचूनच करा.